सुविचाराच्या फळ्यावरील कांट

आमच्या शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ सुविचाराचा एक फळा आहे. रोज प्रार्थनेपूर्वी कोणीतरी विद्यार्थी थोरांचे एखादे वचन त्यावर खडूने लिहितो. दुसऱ्या दिवशी ते पुसले जाते आणि त्या जागी नवे येते. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी या फळ्यावर जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट अवतरला. माथ्यावर पसरलेले ताऱ्यांचे आकाश आणि मनात वसणारा नीतीचा नियम या दोहोंच्या चिंतनाने आपले मन विस्मयाने भरून जाते, अशा अर्थाचे ते वचन होते. अक्षर मोठे सुरेख होते. मधल्या सुटीत आठवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस गाठून विचारले, "सर, आकाशाचे समजले, पण आतला नियम म्हणजे कोणता? आणि तो केला कोणी?"

आम्ही त्यास घाईघाईने काहीतरी उत्तर दिले. ते त्यास पटले की नाही ते ठाऊक नाही; आमचे आम्हांस मात्र पटले नाही. पुढे काही महिने सवडीने कांट पुन्हा वाचला, तेव्हा असे दिसून आले की या तत्त्वज्ञाची जी चार वचने जगभर तोंडी झाली आहेत ती जवळजवळ सारीच आपल्या जागेवरून उचलली गेल्यामुळे निराळ्या अर्थाने फिरत आहेत. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्यास उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम मनुष्याचा थोडा परिचय करून घेऊ. कांटचा जन्म २२ एप्रिल १७२४ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग या बंदराच्या गावी झाला. वडील घोड्यांचा चामडी साज बनविणारे कारागीर. घरची स्थिती बेताची. आई फारशी शिकलेली नव्हती, परंतु मोठी धर्मशील व चौकस होती. लहानग्या इमॅन्युएलला ती गावाबाहेर घेऊन जाई, झाडेझुडपे दाखवी आणि आकाशाविषयी स्वतःस जे काही ठाऊक असेल ते सांगे. तो तेरा वर्षांचा असताना ती वारली. म्हातारपणी देखील तिची आठवण निघाली की कांटचा कंठ दाटून येई, असे त्याच्या सहवासातील लोकांनी लिहून ठेवले आहे. फळ्यावरील त्या वचनातले आकाश त्याने प्रथम कोणाच्या बोटास धरून पाहिले, हे यावरून ध्यानात येईल.

त्याचे पुढील आयुष्य बाहेरून पाहता अगदी सपाट होते. काही वर्षे त्याने श्रीमंतांच्या घरी मुलांची शिकवणी केली. १७५५ पासून विद्यापीठात व्याख्याने देऊ लागला, पण पगार नाही. ऐकावयास येणारे विद्यार्थी जी फी देतील तीवर निर्वाह. प्राध्यापकाची जागा मिळाली ती १७७० मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. लग्न केले नाही. आपला प्रांत सोडून तो कधी दूर गेला नाही. तो सायंकाळी फिरावयास निघाला की शेजारी आपली घड्याळे लावून घेत, ही आख्यायिका तर सर्वांच्या ऐकण्यात असेल. पहिला मोठा ग्रंथ 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' १७८१ मध्ये निघाला तेव्हा गृहस्थ सत्तावन्न वर्षांचे होते! परीक्षेत एकदा मागे पडल्यावर आयुष्य संपले असे समजणाऱ्यांनी हा आकडा जरूर टिपून ठेवावा.

आता वचनांकडे वळू. आकाश आणि नीतिनियम यांविषयीचे ते वाक्य १७८८ मधील 'व्यावहारिक बुद्धीची मीमांसा' या ग्रंथाच्या समारोपात येते. लोक पहिले वाक्य उचलतात व पुस्तक मिटतात. वास्तविक खरी गंमत पुढेच आहे. कांट म्हणतो की अगणित लोकांनी भरलेले ते आकाश पाहिले म्हणजे मी किती क्षुद्र आहे हे कळते. एका धूलिकणाएवढ्या ग्रहावर थोडा काळ जगणारा मी एक प्राणी. परंतु आतल्या नियमाकडे पाहिले म्हणजे तोच मी क्षुद्र राहत नाही, कारण तो नियम पाळावयाचा की नाही हे ठरविणारा मीच असतो. दोन्ही गोष्टींनी मन थक्क होते, पण एक मनुष्यास लहान करते व दुसरी मोठे.

आणि त्याही पुढे तो एक सावधगिरीची सूचना देतो, ती तर कोणीच उद्धृत करीत नाही. आकाशदर्शनासारख्या उदात्त गोष्टीपासून मनुष्याने आरंभ केला आणि शेवटी तो कोठे पोहोचला? तर ग्रह-ताऱ्यांवरून भविष्य वर्तविण्यापर्यंत! नीतीचेही तसेच झाले; आरंभ उदात्त, आणि शेवट अंधश्रद्धेत नाहीतर धर्मवेडात. म्हणून नुसता विस्मय पुरत नाही, त्यापाठोपाठ शिस्तीचा शोध हवा, असे त्याचे म्हणणे. हे त्याने हवेत बोलून दाखविलेले नाही. १७५५ मध्येच त्याने असे मांडले होते की आपली सूर्यमाला विखुरलेल्या द्रव्याच्या मेघापासून घनीभूत होत बनली असावी आणि दुर्बिणीतून दिसणारे काही अंधुक ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दूरच्या आकाशगंगा असाव्यात. या दुसऱ्या तर्कास सबळ पुरावा मिळावयास विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले.

मग तो आतला नियम कोणता? तेथे जाण्यापूर्वी आणखी एका वचनाची वाट ओलांडावी लागते. बर्लिनच्या एका मासिकात कोणी तरी प्रश्न टाकला होता की ज्याला आपण ज्ञानोदय म्हणतो तो म्हणजे आहे तरी काय. डिसेंबर १७८४ च्या अंकात कांटने त्यास उत्तर दिले. होरेस या रोमन कवीचे दोन शब्दांचे एक जुने वचन घेऊन त्याने ते आपल्या युगाचे बोधवाक्य केले. त्याचा आशय असा की स्वतःच्या बुद्धीने जाणण्याचे धाडस कर. आपल्याकडे याचा अर्थ बहुधा पुष्कळ वाचा, पुष्कळ शिका, असा केला जातो. कांटला तो मुळीच अभिप्रेत नव्हता. त्याची तक्रार अडाण्यांविषयी नाही. ज्यांस बुद्धी आहे पण दुसऱ्याने हात धरल्यावाचून ती वापरण्याचे धैर्य नाही, त्यांच्याविषयी आहे. माझ्याऐवजी समजून घेणारे पुस्तक मजपाशी असले, माझ्याऐवजी सदसद्विवेक बाळगणारा धर्मोपदेशक असला, मी काय खावे हे ठरविणारा वैद्य असला, की मला कष्ट घेण्याचे कारणच उरत नाही, असे तो उपरोधाने म्हणतो. पैसे मोजले की झाले.

हा मजकूर वाचताना आमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले ते सांगावयास हवे का? मार्चच्या सुमारास प्रत्येक दप्तरात दिसणारे गाईड! कवितेचा भावार्थ गाईडमध्ये, निबंध गाईडमध्ये, 'तुम्हांस हा धडा का आवडला' या प्रश्नाचे उत्तर देखील गाईडमध्ये. एका वर्षी चाळीस उत्तरपत्रिकांत चाळीस जणांस तोच धडा त्याच तीन कारणांसाठी आवडलेला आम्ही पाहिला आहे. अर्थात दोष केवळ मुलांचा नाही. ज्यांनी मुलांच्या मतास गुण देण्याऐवजी छापील मुद्द्यांस गुण दिले त्या आम्हां शिक्षकांचाही त्यात वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे.

परंतु या धाडसास कांटने एक मर्यादा घातली आहे व तिच्यावरून आजही वाद होतो. तो म्हणतो की सैन्यातील अधिकाऱ्याने हुकूम पाळावा, नागरिकाने कर भरावा; मात्र तोच अधिकारी व तोच नागरिक वाचकांपुढे लेखक म्हणून उभा राहिला की त्या हुकुमातील व त्या करातील दोष दाखविण्याची त्यास पूर्ण मोकळीक असली पाहिजे. स्वतः कांटवरही हा प्रसंग आला. १७९३ मध्ये त्याने धर्मावर ग्रंथ लिहिला. पुढल्याच वर्षी राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याच्या नावाने त्यास सक्त ताकीद मिळाली की पुन्हा असे लिहाल तर परिणाम वाईट होतील. सत्तर वर्षांच्या कांटने उत्तर दिले की महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने मी यापुढे धर्मावर बोलणार नाही. १७९७ मध्ये राजा वारला. लगेच दुसऱ्या वर्षी कांटने तो सारा पत्रव्यवहार छापून टाकला आणि खुलासा केला की 'महाराजांचा प्रजाजन' हे शब्द मी मुद्दाम घातले होते. ते महाराज गेले, वचनही संपले. असत्य कधीही बोलू नये असे कठोरपणे सांगणाऱ्या पुरुषाची ही युक्ती आम्हांस फारशी रुचत नाही. तथापि त्या वयात, त्या काळात, नोकरीवर पाणी सोडण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही त्याने फार चढ्या सुरात बोलू नये, हेही खरे.

आता तो नियम. १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात कांटने तो मांडला. त्याचा अर्थ साध्या शब्दांत असा की तू जे करतोस ते ज्या सूत्राने करतोस, ते सूत्र साऱ्यांचाच कायदा व्हावे अशी इच्छा तुला बुद्धीस विसंगत न होता करता येते का, ते पाहा. येत असेल तरच ते कर. 'जसे लोकांनी आपल्याशी वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे', हीच ती शिकवण असे पुष्कळजण समजतात. कांटने स्वतः एका टिपेत हा समज खोडून काढला आहे. केवळ आपल्या आवडीनिवडीचे माप लावावयाचे म्हटले तर चोर न्यायाधीशास विचारील, "आपणांस तुरुंगात जावयास आवडेल काय? नाही ना? मग मला का धाडता?" तेव्हा मोजावयाचे ते आवडनिवडीने नव्हे, बुद्धीच्या सुसंगतीने.

हे जरा अवघड वाटेल, म्हणून वर्गातले उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगा परीक्षेत शेजाऱ्याचे पाहून लिहितो. त्याचे सूत्र असे की पास होण्यासाठी नक्कल करावी लागली तर ती करावी. आता हे सूत्र साऱ्या शाळांतील साऱ्या मुलांचा कायदा झाले असे कल्पा. जो तो शेजाऱ्याच्या कागदावर डोळा ठेवून आहे. स्वतः कोणीच काही लिहीत नाही. आणि निकालपत्रावर कोणाचाही विश्वास उरलेला नाही. मग नक्कल करून मिळवावयाचे ते काय? नक्कल करणाऱ्यास गुप्तपणे हेच हवे असते की इतरांनी प्रामाणिक राहावे, निकालपत्राची किंमत टिकून राहावी, आणि नियमातून सूट तेवढी आपणास मिळावी. कांटचे बोट नेमके येथे आहे. वाईट वागणारा मनुष्य बहुधा नियम मोडू इच्छीत नाही. तो स्वतःस अपवाद करू इच्छितो. रांगेत मध्येच घुसणारा माणूस रांग असावी याच मताचा असतो, हे कोणत्याही तिकीट-खिडकीपाशी पाहावयास मिळेल.

आणि हा नियम केला कोणी? त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा हा दुसरा भाग होता. कांटचे उत्तर असे की तो राजाने केला नाही, वडिलांनी केला नाही, लोकमतानेही केला नाही. प्रत्येक विचारी मनुष्य तो स्वतःच स्वतःस घालून देतो. बाहेरून आलेला हुकूम, तो कितीही चांगला असला तरी, मी समजून-उमजून माझा केल्याखेरीज नीती होत नाही. कर्माचे मोल त्याच्या फळावरून न ठरविता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावे, हे कांटचे मत लोकमान्य टिळकांस फार जवळचे वाटले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी कांटचा आधार ठिकठिकाणी घेतला आहे. दोन्ही विचार अगदी एक आहेत असे मात्र समजू नये. गीतेत कर्तव्य हे स्वधर्माशी जोडलेले आहे. कांटच्या येथे ते, कोणीही असो, साऱ्यांस सारखेच लागू पडणारे आहे.

येथे एक भयंकर प्रसंग सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. १९६१ मध्ये जेरुसलेम येथे अडॉल्फ आइखमान या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला. लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे वाहून नेणाऱ्या व्यवस्थेचा तो एक प्रमुख सूत्रधार होता. चौकशीत त्याने असे सांगितले होते की मी जन्मभर कांटच्या कर्तव्यविषयक शिकवणीप्रमाणे वागलो. न्यायासनावरील एका न्यायाधीशाने त्यास याविषयी छेडले, तेव्हा त्याने कांटच्या नियमाची व्याख्याही जवळजवळ बरोबर सांगितली! हाना आरेंट या विदुषीने खटल्यावरील आपल्या ग्रंथात या प्रसंगाची चिकित्सा केली आहे. कर्तव्य म्हणजे हुकूम, आणि हुकूम पाळला की आपली जबाबदारी संपली, असा त्याने कांटचा अर्थ लावून घेतला होता. पुढे त्याने हेही कबूल केले की ते काम अंगावर आल्यापासून आपण त्या तत्त्वाने वागत नव्हतो हे आपणांस ठाऊक होते; पण आपल्या कृत्यांचे धनी आपण उरलो नाही, अशी मनाची समजूत आपण घातली.

वचन पाठ होते. व्याख्या बरोबर होती. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. गळले होते ते एवढेच की तो नियम स्वतः तपासून स्वतःच घालून घ्यावयाचा असतो. दुसऱ्याने आपल्याऐवजी विचार करावा ही सोय, जिची कांटने १७८४ मध्ये थट्टा केली होती, ती सोय त्या मनुष्याने स्वीकारली. फळ्यावरचे वचन केवळ उतरवून घेण्यात किती धोका असू शकतो याचे याहून काळे उदाहरण आम्हांस माहीत नाही.

चौथे वचन त्याच १७८५ च्या ग्रंथातले. मनुष्यास, मग तो तू स्वतः असशील वा दुसरा कोणी, केवळ साधन म्हणून वापरू नकोस. तो स्वतःच एक साध्य आहे हे ध्यानात ठेव. यातील 'केवळ' हा शब्द उद्धृत करणारे पुष्कळदा गाळतात, आणि तो गाळला की वचन अशक्य होऊन बसते. आपण सारेच एकमेकांचा उपयोग करून घेतो. बसचालक आम्हांस शाळेत पोहोचविण्याचे साधन आहे, आम्ही तुम्हांस परीक्षा पास करण्याचे साधन आहोत. त्यात वावगे काही नाही. बस उशिरा आली म्हणून त्या चालकावर आपण जे शब्द फेकतो, त्यांत तो कोणाचा बाप वा भाऊ आहे, त्याला स्वतःचे मन आहे, याचा मागमूस नसतो. तेथे 'केवळ' येते. कांट असा भेद करतो की वस्तूला किंमत असते, तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवता येते. मनुष्याला प्रतिष्ठा असते, त्याच्या जागी दुसरा ठेवता येत नाही.

हे तो आपोआप शिकला नव्हता. तरुणपणी आपणांस ज्ञानाचा गर्व होता, अडाणी लोकांविषयी तुच्छता होती, आणि रूसो वाचल्यावर आपले डोळे उघडले, असे त्याने आपल्या खासगी टिपणांत लिहून ठेवले आहे.

तरी ते पुरते उघडले होते काय? नाही. वर्णावर्णांतील भेदांविषयी लिहिताना व शिकविताना युरोपाबाहेरील लोकांस हीन लेखणारी मते त्याने मांडली आहेत आणि स्त्रियांस त्याने नागरिकत्वाचा पूर्ण अधिकार दिला नाही. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. मनुष्य ज्या लाकडातून घडला आहे ते इतके वाकडे की त्यातून अगदी सरळ काही निघणे नाही, अशा अर्थाचे त्याचे आणखी एक वचन प्रसिद्ध आहे. ते त्याच्या स्वतःवरही लागू पडते. परंतु त्याचाच नियम त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो, हे त्या नियमाचे बळ म्हटले पाहिजे. वृद्धपणी त्याने स्वतःच तो काही अंशी वापरलाही. १७९५ च्या 'चिरकालीन शांतता' या निबंधात त्याने युरोपीय व्यापारी राष्ट्रांस चांगलेच फैलावर घेतले आहे आणि त्यात आपल्या देशाचा स्पष्ट उल्लेख आहे. वखारी घालण्याच्या मिषाने या लोकांनी हिंदुस्थानात परके सैन्य आणले, तेथील जनतेस छळले, राज्याराज्यांत युद्धे पेटविली, दुष्काळ आणि विश्वासघात यांचे पेव फोडले, असे तो लिहितो. वाचकांस स्मरत असेल की त्याच १७९५ च्या मार्चमध्ये मराठे व निजाम खर्ड्याच्या रणांगणावर एकमेकांशी लढत होते. बाल्टिक समुद्राकाठच्या एका गावात बसलेला एकाहत्तर वर्षांचा प्राध्यापक त्या सुमारास ईस्ट इंडियातील व्यापाऱ्यांची राजनीती ओळखून होता, हे वाचून आम्हांस तरी आश्चर्य वाटले.

ते गाव आज त्या नावाने उरलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४ मध्ये, ब्रिटिश विमानांनी ते जाळले. पुढे ते सोव्हिएत संघाकडे गेले आणि १९४६ मध्ये त्याचे नाव कालिनिनग्राड झाले. कांटची समाधी तेवढी मोडक्या चर्चच्या भिंतीला टेकून शाबूत राहिली. आकाश आणि नीतिनियम यांचे ते वचन तेथे एका धातूच्या पाटीवर आता जर्मन व रशियन अशा दोन भाषांत कोरलेले आहे.

त्याच्या अखेरच्या दिवसांतील एक हकीकत त्याच्या निकटच्या स्नेह्याने लिहून ठेवली आहे. १८०४ चा फेब्रुवारी महिना होता. मृत्यूला नऊ दिवस उरले होते. स्मृती जवळजवळ गेलेली, दृष्टी अंधुक, बोलणे तुटक व दुर्बोध. वैद्य भेटावयास आले. कांट खुर्चीवरून धडपडत उठला आणि थरथरत तसाच उभा राहिला. बसा म्हटले तरी बसेना. काहीतरी पुटपुटत राहिला. वैद्यांस काही उमगेना. तेव्हा जवळच्या स्नेह्याच्या ध्यानात आले की पाहुण्याने आसन घेतल्यावाचून हा बसावयाचा नाही. वैद्य खुर्चीवर बसले. मग कांट बसला, आणि थोडी शक्ती गोळा करून त्याने एवढेच म्हटले की मनुष्यत्वाची जाण मला अजून सोडून गेलेली नाही.